पिवळ्याच्या उजवीकडे

वडनेर भोलजी
४ ऑगस्ट २०२४

चि. समीक्षास,
जानराव मोठेबाबांचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

आधी तब्येतीचं. तुझा उजवा खांदा कसा आहे? दोरी ओढून बोटांची सालं निघाली होती, ती भरली का? तुझ्या खोलीतल्या सारिकाचा खोकला गेला का? तिला म्हणावं, ओव्याची पुरचुंडी हुंगत जा, लाजू नको. मेसच्या सुवर्णाबाईंचे गुडघे काय म्हणतात? आणि तुमच्या चंद्रशेखर सरांचा घसा? परवा त्यांचा फोन आला तेव्हा आवाज पार बसलेला होता.

इकडे तुझ्या बाबांनी सोयाबीनवर फवारणी करून पाठ धरून घेतली आहे, पण बसून राहील तो माझा धाकटा भाऊ प्रसेनजित कसला. तुझी आई धम्मशीला बरी आहे. मोठीआईची साखर वाढली. ती म्हणते, मशीनच खोटं बोलते. मी ठणठणीत. या वयात सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो, यापेक्षा टेलर माणसाला आणखी काय पाहिजे?

आता मुद्द्याचं. सर म्हणाले, जूनमध्ये तुझे ७२ बाणांचे ५८८ होते, आता ५३१ वर आलीस. हात बरोबर, उभं राहणं बरोबर, श्वास बरोबर. नजर कुठेतरी सुटते. म्हणाले, "तुमच्याकडून आली तेव्हा हिची नजर भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखी होती." मला बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं.

मी सातवी पास. तिरंदाजी शिकलो ती मोबाईलवर दीपकने दाखवलेल्या व्हिडिओंवरून आणि स्वतःच्या मशीनवरून. नवशिका टेलर शिवताना सुईकडे पाहतो, म्हणून टाका वाकडा जातो. सुईच्या पुढे बोटभर कापडावर पाहिलं की सुई आपोआप सरळ येते. बाणाचं तसंच. टोकाकडे पाहायचं नाही, हाताकडे नाही. पिवळ्या गोलाकडे पाहायचं, आणि बाण लागून गेला तरी एक श्वास तिथंच राहायचं. हे मी तुला सांगायचं म्हणजे गंमतच आहे. माझ्या पाच-सात पोरांत हे तुझ्याइतकं कोणालाच जमलं नाही.

तुझा दीपकदादा जाऊन मे महिन्यात वर्ष झालं. गोविंदाच्या पडीत वावरातलं आपलं मैदान मी जुलैत पुन्हा सुरू केलं. घरात बसून पोरगा परत येणार नव्हता.

तुमचे मोबाईल तिथे पेटीत कुलूपबंद असतात, आणि रविवारची दहा मिनिटं तुझ्या आईच्या हक्काची. म्हणून हे पत्र. काय होतंय ते मोकळं लिही.

तुझे,
मोठेबाबा

*

पुणे
१५ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप मोठेबाबांना,
सप्रेम जयभीम.

खांदा बरा आहे. बोटं भरली. ओव्याची पुरचुंडी बांधली, तर सारिका म्हणाली खोलीत कोणाचं तरी बाळंतपण झाल्यासारखा वास येतो. पण खोकला गेला. सुवर्णाबाईंचे गुडघे तसेच आहेत. त्या म्हणाल्या, तुझ्या मोठेबाबांना सांग, आजवर कोणी विचारलं नव्हतं.

इथे माझ्या बोलण्याची रोज मजा होते. सारिका म्हणते, "तू 'मी जाऊन राह्यली' म्हणतेस, तेव्हा तू शेवटी पोचतेस की नाही ते कळतच नाही." मी तिला म्हटलं, आमच्याकडं पोचायची घाई नसते.

सरांनी मागच्या आठवड्यात एक चष्मा आणला. तो घालून बाण मारला की आपला डोळा कुठे पाहत होता ते पडद्यावर लाल ठिपक्याने दिसतं. बाकी सगळ्यांचा ठिपका टारगेटवर इकडेतिकडे फिरतो. माझा पिवळ्यात नीट बसतो. सर खूश झाले. मग बाण सुटायच्या आधी, पापणी लवते तेवढ्या वेळात, तो उजवीकडे उडी मारतो. टारगेटच्या बाहेर, अडीच मीटरवर, मोकळ्या जमिनीत. तीस बाणांत तीस वेळा, त्याच जागी.

सर म्हणाले, "तिथे काय आहे?"
मी म्हटलं, "काही नाही सर."

तरी त्यांनी तिकडची झेंड्याची काठी काढली, पाण्याचा डबा हलवला. फरक पडला नाही. मला वाटतं वाऱ्यामुळे होत असेल.

२४ नोव्हेंबरला चाचणी आहे. ५६० च्या खाली आले तर अकादमीतली जागा जाते, किट जमा करून घरी. आईला एवढ्यात सांगू नका. तिने गावात पेढे वाटलेत.

मोठीआईला म्हणावं, मशीन खोटं बोलत नाही, ती गूळ खाते.

तुमची,
समीक्षा

*

वडनेर भोलजी
२४ ऑगस्ट २०२४

चि. समीक्षास,
आशीर्वाद.

सगळे बरे आहेत. मोठीआईने गुळाचा डबा स्वतः काढून माझ्या हातात दिला आणि वर म्हणाली, "पोट्टी पुण्याहून चोऱ्या पकडून राह्यली."

तुझं पत्र वाचलं आणि पायाखालचं मशीन थांबवलं. चूक तुझी नाही, माझ्या गरिबीच्या जुगाडाची आहे.

आपल्याकडे दुर्बीण नव्हती. पन्नास मीटरवर बाण कुठे लागला ते रेषेवरून दिसत नव्हतं. म्हणून टारगेटच्या उजवीकडे मातीची पोती रचून दीपकला त्यांच्यामागे उभं केलं. डोक्यावर मूठ म्हणजे पिवळा, छातीवर हात म्हणजे लाल, दुपट्टा फिरवला म्हणजे बाण बाहेर. ट्रॅक्टरच्या गॅरेजातून सुट्टी काढून यायचा तो तुमच्यासाठी. सत्तावीस वर्षांचा बाप्या, पण तुमचा बाण पिवळ्यात लागला की लहान लेकरासारखा नाचायचा.

तुम्ही पोरं बाण सोडला की लगेच त्याच्याकडे पाहायची. हळूहळू सोडायच्या आधीच पाहायला लागली. तिथंच बाण बिघडायचे. मला ते ध्यानात आलं ते गेल्या वर्षी मार्चमध्ये. मग मी रेषेवर तुमच्या बाजूला उभा राहून फक्त तुमचे डोळे पाहायला लागलो, आणि डोळा हलला की टोकायचो, "नजर पिवळ्यावर. दीपक काही पळून जात नाही."

ती जुनी खोड आहे, अंगात बसलेली. उपाय सांगतो. भिंतीला टिकली लाव. सहा पावलांवर स्टुलावर बस. टिकलीकडे पाहत मनात पाचपर्यंत मोज, मग डोळे मिटून पाच. असं वीस वेळा. आठ दिवसांनी आकडे दहा कर. डोळ्यांवर जोर द्यायचा नाही. झोपलेल्या लेकराकडे आपण पाहतो तसं पाहायचं.

हे सरांना दाखवायला हरकत नाही. पुढचं मात्र तुझ्या-माझ्यात ठेव.

टारगेटच्या उजवीकडे अडीच मीटर म्हणजे बरोबर पोत्यांची जागा होते. तिथे तुला काही दिसतं का?

मोठेबाबा

*

पुणे
८ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप मोठेबाबांना,
जयभीम.

हो.

हे लिहायला दहा-बारा दिवस लागले. पांढरा शर्ट, गॅरेजमधल्या ऑइलचा डाग खिशाखाली. डोक्याला दुपट्टा. सरळ त्या जागेकडे पाहिलं की तिथे कोणी नसतं, नुसतं गवत. पिवळ्यावर नजर धरली की डोळ्याच्या कडेला दादा उभा असतो. नजर जितकी पक्की, तितका तो ठळक. नजर सैल असते त्या दिवशी तो धुक्यासारखा असतो, आणि सर म्हणतात आज तुझं लक्ष नाही.

म्हणजे मी चांगली मारायला लागले की तो येतो. मग मला राहवत नाही, डोळा तिकडे जातो, आणि बाणही जातो.

टिकली लावून पाहिली. पहिले आठ दिवस बरं चाललं. नवव्या दिवशी दहा आकडे केले आणि भिंतीच्या उजवीकडे, सारिकाच्या कपाटापाशी तो होता. दिवसाउजेडी, सकाळी साडेनऊला. सारिका तिथेच केस विंचरत होती. मी टिकली काढून टाकली.

सारिकाला सांगितलं नाही. ती घाबरट आहे, आणि मला एकटीला झोपावं लागेल.

मी वेडी झाले का हो?

समीक्षा

*

वडनेर भोलजी
१२ सप्टेंबर २०२४

समीक्षा,

तुझं पत्र आज अकरा वाजता आलं आणि लगेच उत्तर लिहितो आहे, म्हणजे एकच्या टपालात पडेल.

तू वेडी नाहीस. मला सांग, तो अंगाने कसा आहे? वाळलेला दिसतो का? चेहरा कोणीकडे असतो, तुझ्याकडे की रेषेकडे? पायात चपला आहेत का? त्या दिवशी त्याच्या चपला मला मैदानात मिळाल्या नाहीत. दवाखान्यात त्याचे पाय उघडे होते, आणि ते माझ्या डोक्यातून जात नाही. चटके बसले असतील का त्याला?

दुपट्टा कोणता आहे? निळ्या काठाचा असेल तर तो मी शिवून दिलेला आहे.

टिकली परत लाव. आकडे पंधरा कर. डोळा तिकडे जाऊ द्यायचा नाही, म्हणजे तो जास्त वेळ थांबेल, आणि कडेकडेनेच नीट पाहून घे. मैदानावरही तसंच कर. जे दिसेल ते मला लिही, लहानसहान काही सोडू नको.

मीही करून पाहिलं. काल मैदानात टारगेट लावून अर्धा तास पिवळ्याकडे पाहत बसलो. डोळ्यातून पाणी आलं, बाकी काही नाही. माझ्याकडे येत नाही तो.

मोठीआईला यातलं काही माहीत नाही.

मोठेबाबा

*

पुणे
६ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप मोठेबाबांना,

तुमच्या मागच्या पत्रात पहिल्यांदाच कोणाची तब्येत विचारलेली नव्हती. माझीही.

तुम्ही सांगितलं तसं केलं. रोज पंधरा आकडे, आणि मैदानावर प्रत्येक बाणाला. काल ४९८ लागले. सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "घरी काही झालंय का?" मी म्हटलं, नाही. चाचणीला सात आठवडे उरलेत.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. दुपट्टा निळ्या काठाचाच आहे. वाळलेला नाही. चेहरा माझ्याकडे असतो. चपला आहेत, पण डावी पायातून सुटून बाजूला उलटी पडलेली आहे.

आणि एक तुम्ही विचारलं नाही. त्याचा हात वर असतो. मूठ नाही, पंजा उघडा. तो हलवत असतो. आपल्यात अशी खूणच नव्हती.

मोठेबाबा, हे मला चष्मा आल्यावर दिसायला लागलेलं नाही. हे मी त्या दिवशी पाहिलं होतं.

वीस मे. जिल्ह्याच्या निवडीला दोन दिवस होते. आपण आठपासून मारत होतो, साडेअकरा वाजले होते. माझा चौथा बाण होता. दोरी हनुवटीला लागलेली, पिवळा इतका स्वच्छ दिसत होता की त्याचा काठ मोजता आला असता. तेवढ्यात उजवीकडे दादाने हात वर केला आणि हलवला. मला दिसला. मी वळणार होते. तुम्ही बाजूने म्हणालात, "पिवळ्यावर." मी पिवळ्यावर राहिले.

तो बाण दहात लागला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला बाण. अजून आठवला की आधी आनंद होतो, आणि मग त्याच आनंदाची लाज वाटते.

नंतर तो पोत्यांमागे दिसेनासा झाला. मला वाटलं सावलीला बसला. मी पाचवा मारला, सहावा मारला. दुसऱ्या पोरांचे झाले. मग आपण बाण काढायला गेलो.

गावात सगळे म्हणतात, ऊन लागलं आणि आवाज न करता पडला, कोणाला कळलंच नाही. तुम्हीही तेच सांगता. मला कळलं होतं. मी कोणाला बोलले नाही.

दादा मला बोलावतो, मी पाहते, आणि आता तुम्ही म्हणता, पाहू नको, कडेकडेने पाहा. म्हणजे पुन्हा तेच. माझ्याने होत नाही.

किट जमा करून परत येऊ का?

समीक्षा

*

वडनेर भोलजी
३ नोव्हेंबर २०२४

चि. समीक्षास,
जानराव मोठेबाबांचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे, बेटा? जेवतेस का? झोप लागते का? सारिका, सुवर्णाबाई, सर, सगळे कसे आहेत? इकडे तुझे आईबाबा बरे आहेत. मोठीआईची साखर उतरली. माझं सांगण्यासारखं नाही, पण चालतं-फिरतं आहे.

उत्तराला चार आठवडे लावले. तू तिकडे काय काय समजून घेतलं असशील. पाच वेळा लिहायला बसलो आणि कागद फाडले. शेवटी तुझ्या मोठीआईने, सिंधूनेच विचारलं, "कायचे कागद फाडून राह्यले रोज?" मग मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं, शेवटपर्यंत.

ती निवडत होती ती तूर बाजूला ठेवली. म्हणाली, "मले वाटलंच व्हतं."
"काय वाटलं व्हतं?"
"का तुमी तिकडं पाह्यलं नसन. तुमी कोणाकडं कधी पाह्यता? लोकायचे डोळे पाह्यता. माह्यं लेकरू सकाळी तापलेलं व्हतं. मी म्हटलं, आज नोका नेऊ त्याले."
मी म्हटलं, "मी बोललो व्हतो, दोन दिवसाचा सवाल आहे."
"हाव. तसंच बोलले व्हते."

मला वाटलं आता रडेल. तर तूर परत सुपात घेतली आणि म्हणाली, "त्या पोरीले लिहा आधी. थे तिकडं जीव जाळून राह्यली अन तुमी कागद फाडून राह्यले."

म्हणून आता जे आहे ते लिहितो.

त्या दिवशी मी तुझ्या बाजूला उभा होतो आणि तुझ्या डोळ्यात पाहत होतो. तुझं बुबुळ उजवीकडे सरकलं ते मी पाहिलं. बाण ओढलेला असताना तू त्याआधीच्या दोन महिन्यांत एकदाही हलली नव्हतीस. म्हणजे तिकडे काहीतरी होतं म्हणूनच हललीस, एवढं मला त्याच घडीला कळलं. मी नुसती मान वळवली असती तर झालं असतं. मी म्हटलं, "पिवळ्यावर."

तू सोळा वर्षांची होतीस. मोठ्या माणसाने सांगितलं ते केलंस. तो बाण तुझा नव्हता, माझा होता. मी दीड वर्ष गावाला सांगत आलो की कोणाला कळलं नाही, आणि ते ओझं तुझ्या खांद्यावर राहिलं हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं.

आणि त्यात भर म्हणजे सप्टेंबरचं माझं ते पत्र. मला माझा पोरगा पाहायचा होता आणि त्यासाठी मी तुझे डोळे मागून घेतले, तुझी चाचणी तोंडावर असताना. ते पत्र फाडून टाक. माझ्यासाठी काही पाहायचं नाही आता, चपलासुद्धा नाही.

तुझं पत्र आल्यावर एका दुपारी मी पोत्यांमागे जाऊन उभा राहिलो. इतक्या वर्षांत तिथे कधी उभा राहिलो नव्हतो. रेषेवर पाच पोरं बाण मारत होती. तिथून माणसं अंगठ्याएवढी दिसतात. मी हात वर करून हलवला. एकानेही पाहिलं नाही. तसाच हात वर ठेवून मी शंभरपर्यंत मोजले. सगळी पिवळ्याकडे पाहत होती, फार सुंदर नजर होती सगळ्यांची. मीच शिकवलेली.

आता तुझ्यासाठी. मी टिकली सांगितली ती चूक. कापडाला घडी पडलेली असेल तर तिच्यावरून टाका घालून चालत नाही. आधी हाताने घडी काढावी लागते. तू धनुष्य खाली असतानाच त्या जागेकडे वळ. चोरून नाही, मान वळवून, पूर्ण तोंड तिकडे करून. तिथे कोणी दिसणार नाही, तू लिहिलंसच, तरी पाहा. एक श्वास घे. दादाला काय सांगायचं ते मनात सांग. मग मान पिवळ्याकडे, आणि मगच हात उचल. त्या दिवशी जे पाहायचं राहिलं ते प्रत्येक बाणाआधी देऊन टाकायचं. सर विचारतील तर म्हण, आमच्या गावाकडची पद्धत आहे.

यायचं असेल तर ये. घर तुझंच आहे. पण मारता येत नाही म्हणून ये, माझ्या गुन्ह्यासाठी नको.

चाचणी झाली की लिही. पास-नापास काही असो.

तुझे,
मोठेबाबा

*

पुणे
१ डिसेंबर २०२४

तीर्थरूप मोठेबाबा आणि मोठीआईंना,
सप्रेम जयभीम.

५६७. राहिले.

आईला फोनवर सांगितलंच आहे, तुम्हाला सगळं लिहिते. सकाळच्या छत्तीस बाणांत मी तुम्ही सांगितलं ते केलंच नाही. सर मागे खुर्ची टाकून बसले होते, लाज वाटली. २७१ झाले. त्या हिशेबाने घरी जाणारच होते. मधल्या सुट्टीत सुवर्णाबाईंनी ताटात दोन पोळ्या जास्त वाढल्या, जशी काही गाडी पकडायची आहे मला.

दुपारी पहिल्याच बाणाआधी धनुष्य खाली ठेवून मान वळवली. नुसतं गवत. बाजूच्या टारगेटवरून सारिका माझीच नक्कल करत हळूच म्हणाली, "कोणाले पाहून राह्यली बे?" मी म्हटलं, "भावाले." ती आपल्या टारगेटकडे वळली. मग मी दादाला म्हटलं, मला दिसला होतास. एवढंच. मग पिवळा.

तो होताच, कडेला. हात वर. पण आता डोळ्याला ओढ नव्हती, कारण मी पाहून आले होते. बाण नवात.

असं प्रत्येक बाणाला. तिसऱ्या फेरीत त्याचा हात खाली होता. पाचव्यात तो पाठमोरा होता, चपला दोन्ही पायात. सहाव्या फेरीला पिवळ्यावर नजर धरली आणि कडेला कोणी नव्हतं. मी तरी शेवटच्या बाणाआधीही वळून पाहिलं. सर म्हणाले वेळ संपत आली, मार. मारला. दहा.

दुपारचे २९६. सरांनी विचारलं, हे वळून पाहणं काय आहे? मी म्हटलं, आमच्या गावाकडची पद्धत. ते म्हणाले, कागदावर लिहून दे.

आनंद झालाय. पण आठवडा झाला, तो आलेला नाही. मैदानाची उजवी बाजू फार मोठी वाटते. मोठेबाबा, तो कुठे गेला असेल? घरी आलाय का?

समीक्षा

*

वडनेर भोलजी
१२ डिसेंबर २०२४

चि. समीक्षास,
मोठेबाबा आणि मोठीआईचा जयभीम, आणि दोघांचेही आशीर्वाद.

खांद्याला तिकडची थंडी सोसते का? सारिकाला पुन्हा खोकला नाही ना झाला? सुवर्णाबाईंना म्हणावं, तुम्ही वाढलेल्या दोन पोळ्याच कामी आल्या. सरांना माझा नमस्कार. इकडे प्रसेनजितची पाठ बरी, धम्मशीलेने पुन्हा पेढे वाटले. सिंधूने तुझं पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि 'चपला दोन्ही पायात' तिथे दर वेळी थांबवलं.

तू विचारलंस म्हणून लिहितो. लिहू की नको, असं झालं होतं.

गोविंदाने दिवाळीनंतर आपली मळणीची कामं पाहायला चिखलीकडचं एक कुटुंब आणलं. त्यांची छाया, बारा वर्षांची, महिनाभर मैदानात येते. तिने दीपकला पाहिलेलं नाही, त्याचं नावही तिला ठाऊक नाही. दुर्बीण आता आहे, पोत्यांकडे कोणी उभं राहत नाही. हात स्थिर आहे पोरीचा. परवा साडेअकराच्या सुमारास तिने दोरी ओढली. मी सवयीने तिच्या डोळ्यात पाहत होतो. पिवळ्यावर बसलेलं बुबुळ हळूच उजवीकडे सरकलं.

माझ्या तोंडात शब्द आला होता. गिळला.

म्हटलं, "छाया, काय दिसते?"
"काही नाही सर."
"धनुष्य खाली ठेव. तिकडं पाह्य मंग नीट. सगळेच ठेवा रे खाली."

मीही वळून पाहिलं. वाळलेलं गवत, फाटकी पोती. मग पाण्याची कळशी उचलली आणि पन्नास मीटर चालत गेलो. कळशी पोत्यांजवळ ठेवली. दीड वर्ष उशिरा. मला कोणी दिसलं नाही, समीक्षा, खोटं लिहिणार नाही. पण बराच वेळ तिथून पाय निघत नव्हता, मग आपोआप निघावंसं वाटलं. वळलो तर रेषेवरची पाचही पोरं धनुष्यं खाली धरून माझ्याकडे पाहत होती. मी हात वर केला. पाचांनीही केला.

छायाचे पुढचे बाण साधारण लागले.

सिंधू आता रोज साडेअकराला कळशी भरून देते. कशाला, ते विचारत नाही. तूही उत्तराला महिना लावू नको माझ्यासारखा. पोस्टमनची सायकल वाजली की माझ्याआधी तीच दारात जाते, आणि तिला रिकाम्या हाताने आत येताना पाहवत नाही.

तुझे,
मोठेबाबा